कलमांवरचा चोर

मोर्शीच्या मुलींच्या शाळेत तिसरीत शिकणारी शकुन घरी आली, तेव्हा तिचे वडील खुशालराव बगीच्यात संत्र्याच्या नव्या कलमांपाशी उभे होते. कोवळी पानं रोज कुरतडली जात होती आणि खाणारं काही दिसत नव्हतं.

"उद्यापासून शाळा बंद," ते म्हणाले. "कलमाईची राखन कर. शिकून काय करशीन?"

शकुनचे डोळे भरून आले. ती कलमापाशी बसली आणि पानं उलटून पाहू लागली.

"बाबा, हे काय हाये?"

"पाखराची शिट. दुसरं काय?"

तिनं काडीनं हळूच टोचलं. शिट पानावरून चालू लागली. खुशालराव दचकून मागं सरले.

"अळी हाये, बाबा. पाखराईनं खाऊ नये म्हनून अशी दिसते. मोठी झाली का पानावानी हिरवी होते. नागपूरहून नव्या बाई आल्या ना, त्यायनं आजच सांगतलं."

खुशालराव गुडघ्यांवर बसले. त्या एका कलमावर त्यांना तशा नऊ अळ्या सापडल्या. मग त्यांनी विचारलं, "उद्या काय शिकवनार हायेत तुमच्या बाई?"