सुटलेली जोडी

"आजी, झाडाला एकही फूल नाही," निनाद म्हणाला. उभा होता तो लाल जास्वंदीनं भरलेल्या झाडापुढेच. त्याच्या आईनं, माझ्या लेकीनं, मृणालनं, त्याला घट्ट जवळ ओढलं. तिच्या बाबांनाही लाल-हिरवं वेगळं दिसत नसे. आणि दात काढल्यावर त्यांचं रक्त थांबलंच नाही. त्यातच ते गेले.

निनादचं रक्त तपासलं. "हे दोन्ही दोष एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असतात, बहुधा जोडीनंच पुढे जातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मृणालनं माझं मनगट आवळलं. "पण बीजांड घडताना गुणसूत्रं आपसांत तुकडे बदलतात. यावेळी अदलाबदल नेमकी त्या दोन दोषांच्या मधे झाली. रंगांचा दोष आला, रक्ताचा मागेच राहिला."

मृणाल हुंदके देत हसायला लागली.

"पांडुरंगा! पण बाई, हे घडलं कधी?" मी विचारलं.

"मृणाल तुमच्या पोटात होती तेव्हा. मुलीची बीजांडं आईच्या गर्भातच घडायला लागतात."

मी लेकीचे डोळे पुसले. "ऐकलंस? तेव्हा तुझे बाबा मला रोज कीर्तनाला न्यायचे. टाळांचा गजर सुरू झाला की माझ्या पोटावर हात ठेवून म्हणायचे, 'माझं हे रक्त पुढे नको रे, देवा.'"