मेंदीचे पैसे

नवरीच्या तळहातावरची वेल मनगटाकडे वळत होती, तेवढ्यात अपेक्षाचा फोन पुन्हा वाजला.

“घे बाई आधी तो फोन,” बबिता म्हणाली. उद्या तिचं लग्न होतं. पेडगावच्या त्या घरात अंगणात मांडव पडला होता आणि आतल्या खोलीत कूलर नुसती गरम हवा फेकत होता.

अपेक्षाने मेंदीचा कोन खाली ठेवला, फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. पलीकडे तिची आई होती, धम्मशीला. पूर्णेच्या एका शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची.

“आजचे पैसे फोनवर घेऊ नको,” आई घाईघाईने म्हणाली. “शेजारचे सूर्यभान काका आलेत. म्हणायलेत, खात्यात सारखे पैसे यायलेत, आता इन्कम टॅक्सवाले विचारतील. माझं शाळेतलं काम जाईल गं पोरी.”

दहावीची परीक्षा झाल्यापासून अपेक्षा लग्नघरी मेंदी काढत फिरत होती. तिचं स्वतःचं खातं नव्हतं. लोक स्कॅन करायचे आणि पैसे आईच्या खात्यात पडायचे. त्यातूनच पॉलिटेक्निकला नाव घालायचं होतं.

“मग काय करायचं म्हणतात काका?”

“सगळे त्यांच्या खात्यावर टाका म्हणायलेत. त्यांना कागदपत्राचं कळतंय. टाकू का? इथंच बसलेत.”

“थांब. टाकू नको लगेच. मी करते फोन.”

ती परत येऊन बसली. कोन हातात घेतला. पहिलंच पान पसरलं. कापसाने पुसलं, तर लाल डाग राहिला.

“काय झालं गं?” बबिताने विचारलं.

“काई न्हाई ताई.”

“काई न्हाई तर पानाचा गोळा कसा झाला?”

अपेक्षाने हळू आवाजात सगळं सांगितलं. मग मान खाली घालून म्हणाली, “ताई, यात जेलबील असतंय का?”

बबिताला हसू आलं, पण पोरीचा चेहरा पाहून तिने ते आवरलं. ती परभणीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती. मार्चपासून जुलैपर्यंत तिच्यापुढे असेच घाबरलेले चेहरे येऊन बसायचे.

“किती जमले असतील तुझे?”

अपेक्षाने सांगितलं.

“एवढ्यावर कर लागत न्हाई. तू लहान हायस म्हणून न्हाई, कमाई थोडी हाय म्हणून. मर्यादा लाखांत हाय. तिच्यापुढं गेलीस तर तुला बी भरावा लागंल. आणि हे आईच्या कमाईत बी धरत न्हाईत. तुझ्या हातच्या कलेचे पैसे तुझेच. लाव आईला फोन.”

बबिताचा एक हात मेंदीने ओला होता, दुसरा अर्धाच काढून झाला होता. अपेक्षाने स्पीकर लावला आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला. बबिताने धम्मशीलाला तेच सावकाश समजावून सांगितलं. तेवढ्यात पलीकडे फोन सूर्यभानच्या हातात गेला.

“सरकारी काम हाय बाई. उद्या नोटीस आली तर तुमी येणार का इथं?”

“येते की. पण काका, पैसे तुमच्या खात्यावर गेले, तर तुमच्या नावावर दिसतील. मग कुठून आले ते तुमाला सांगावं लागंल.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “मी आपलं चांगल्यासाठीच म्हणत होतो,” सूर्यभान म्हणाला. मग लांबून ऐकू आलं, “चहा राहू दे वहिनी, निघतो मी.”

अपेक्षाने मोठा श्वास सोडला. खोलीतल्या बायका पुन्हा आपापसांत बोलू लागल्या. फोन बंद करायला तिने बोट पुढे केलं, तोच आईचा आवाज आला.

“अपेक्षा हाय का?”

“हाय की.”

“म्हंजे ते पैसे तुझेच?”

“ताई तर तसंच म्हणायल्यात.”

आई म्हणाली, “परवा गॅस आणला त्यातून. त्याच्या आधी मला चप्पल घेतली. तुला विचारलं न्हाई मी. खात्यात होते, तर माझेच वाटले.”

अपेक्षाने पटकन स्पीकर बंद केला आणि फोन कानाला घट्ट धरून दारापाशी गेली. मांडवात पोरं खुर्च्या लावत होती.

“आई, असं काय बोलायलीस?”

“तसं न्हाई गं. उद्या बाजार हाय. तेल संपलंय.” आई अडखळली. “घेऊ का त्यातून?”

हा आवाज अपेक्षाच्या ओळखीचा होता. सुट्टी मागताना आई शाळेच्या मोठ्या सरांशी असंच बोलायची.

‘घे’ म्हणावं, तर परवानगी दिल्यासारखं होणार होतं. गप्प राहावं, तर आई फोन धरून तशीच उभी राहणार होती. आतून बबिता हाक मारत होती. अपेक्षा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उंबऱ्यात घुटमळत राहिली.

“आई,” शेवटी ती म्हणाली, “मला यायला उशीर व्हायलाय. रोजच्यासारखं रागव की जरा माझ्यावर.”