बसायचं कसं

ढब्बू पुन्हा उभा होता. झोप डोळ्यांत मावत नव्हती, मान एकीकडे कलत होती, पण दोन्ही मुठी कॉटच्या कठड्यावर घट्ट. नऊ महिन्यांच्या त्या माणसाला उभं राहणं जमलं होतं, खाली बसणं जमत नव्हतं. गुडघे थरथरायला लागले की तो भोकाड पसरायचा.

त्याची आई आली, तिने त्याच्या काखेत हात घालून त्याला बसवलं, आडवं केलं, थोपटलं. पाच मिनिटांत स्वारी पुन्हा उभी. हे रोज दुपारी आठ-दहा वेळा. तिच्या आईने सांगून पाहिलं, की अगं, खेळताना त्याला बसायला शिकव, मग झोपायच्या वेळी हा तमाशा होणार नाही. ती हो म्हणाली आणि शिकवलं नाही. दमून तिचा जीव जात होता, पण दर वेळी दार उघडलं की ते रडवेलं तोंड तिला बघून फुलायचं. तिच्या येण्याने फुलणारं दुसरं तोंड आता घरात नव्हतं.

नवरा वेगळा राहायला गेल्याला पाच महिने झाले होते. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. जगातली अडकलेली माणसं सोडवायला धावतो आणि घरची तशीच लटकत ठेवतो, असं ती त्याच्याबद्दल ज्याला त्याला सांगायची. दर शनिवारी दहा ते चार तो ढब्बूला आपल्या खोलीवर न्यायचा. आता त्याला मुलगा शनिवारी रात्रीही हवा होता. कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशक बाईंनी तोडगा काढला. येत्या तीन शनिवारांत मूल बापाकडे दुपारी एकदा जरी दोन तास सलग झोपलं, तरी रात्रीचा मुक्काम मंजूर. नाही झोपलं, तर वर्षभर विषय बंद. बाईंची सहायिका दुपारी तिथे जाऊन वेळ लिहून घेणार होती. दोघांनी सह्या केल्या. तिने आधी केली.

ती संध्याकाळी एका औषधांच्या दुकानात कामाला जायची. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे पाकिटावर लिहिण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्या शनिवारी पिशवीबरोबर तिने नवऱ्याला एक कागद दिला. दूध किती, किती कोमट, पडदा केव्हा ओढायचा, दुपटं कुठलं. एकूण तेरा सूचना. तो कागद वाचताना ओशाळला. एवढं आपल्याला कधी सुचलं नसतं, असं काहीतरी पुटपुटला. ढब्बू उभा राहून अडकतो, हे सोडून कागदात सगळं होतं.

त्या दिवशी तो दोन वाजताच परत आला. ढब्बूचे डोळे सुजले होते आणि बापाचेही काही फार बरे दिसत नव्हते.

"मी टेकवला की उठून उभा राहतो आणि रडतो," तो म्हणाला. "माझ्याकडे नको वाटतं गं त्याला."

"सवय नाही त्याला तुझी," ती म्हणाली. हे बोलताना तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी तेच. तो अडीचला आला, ढब्बूला आणि पिशवीला ठेवून गेला.

तिसऱ्या शनिवारी दोन वाजले, अडीच वाजले, तीन वाजले. ती खिडकीला चिकटून होती. चारच्या ठोक्याला तो आला. ढब्बू त्याच्या खांद्यावर टवटवीत बसून कान ओढत होता. सहायिकेच्या कागदावर लिहिलं होतं: झोप, दोन तास दहा मिनिटं.

तिने ढब्बूला हिसकावून घेतलं, त्याच्या तोंडाचा वास घेतला, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. झोप आणणारी सगळी सिरपं तिला तोंडपाठ होती.

"काय पाजलंस त्याला?"

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने सांगितलं, की मागच्या खेपेला तो कंटाळून कॉटशेजारी जमिनीवर बसला, तेव्हा पहिल्यांदा ढब्बूचे गुडघे त्याच्या डोळ्यांसमोर आले. पोरगं हट्टाने उभं नव्हतं. अडकलं होतं. मग आज सकाळी दहापासून दोघांनी तोच खेळ केला. बाप खुर्चीला धरून उभा राहायचा, गुडघे वाकवून बसायचा. ढब्बूचे हात धरून त्यालाही तसंच खाली आणायचा. बारापर्यंत बापाची कंबर मोडली आणि पोरगं शिकलं.

"मी उगाच समजत होतो, की मी नको आहे त्याला," तो म्हणाला. मग तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, "तुलाही कळलं नसणार. नाहीतर तू लिहिलं असतंस."

"नाही कळलं," ती म्हणाली.

तो गेल्यावर तिच्या आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती उठून बाळाचे कपडे धुवायला गेली. धुतलेलेच होते ते.

रविवारी दुपारी तिने ढब्बूला कॉटमध्ये ठेवलं आणि दार लोटून बाहेर थांबली. आतून रडणं आलं नाही. तिला राहवलं नाही, ती आत गेली. तो उभा होता. सवयीने तिने दोन्ही हात पुढे केले.

ढब्बूने एक मूठ सोडली, गुडघे वाकवले आणि अलगद बसला. तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती तशीच उभी. मग तो पुन्हा उठला, कठडा धरला आणि पुन्हा बसला, या वेळी सावकाश, तिला नीट दिसेल असा. ती कॉटशी उभीच होती, तेव्हा तो तिसऱ्यांदा उठला. आईला हे येत नाही, असं समजून तो तिला शिकवत होता.