थर्लोंच्या घरचं जावळ

कागदाची घडी उलगडली तशी आतली सोनेरी बट जराशी हलली. वारा नव्हता. वाचनकक्षाच्या खिडक्या कधी उघडतच नसत. तरी कुमुदिनीबाईंना वाटलं, झोपेतल्या बाळाने कूस बदलावी तशी ती हलली.

“जावळ आहे हे,” त्या हळूच म्हणाल्या.

राधिकाने मान डोलावली. टोकियोच्या या विद्यापीठात ती थर्लो कुटुंबाच्या कागदांची सूची करत होती. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतून नगरला आलेले पाद्री थर्लो, त्यांची बायको, मुलं. काटकसर इतकी की पान भरलं की तेच आडवं धरून ओळींवरून ओळी लिहायच्या, आणि त्या ओळींत देवापेक्षा धोब्याच्याच तक्रारी जास्त. नगर हे कुमुदिनीबाईंचं माहेर. उद्या त्या पुण्याला परत जाणार, म्हणून लेक त्यांना हे घबाड दाखवायला घेऊन आली होती. पर्स बाहेर कपाटात, हात साबणाने धुतलेले. पूजेला बसावं तशा त्या ताठ बसल्या होत्या.

घडीवर फिकट शाईने लिहिलं होतं: सॅम्युएल, वय वर्ष एक, नगर.

“गेला का गं तो?”

राधिका म्हणाली, छे, चांगला ऐंशी वर्षांचा झाला. मोठेपणी इथेच शिकवायला आला आणि टोकियोतच वारला, म्हणून तर घरचे सगळे कागद इथे आले.

कुमुदिनीबाईंना ते काही पटेना. जित्याजागत्या मुलाचे केस कोणी घरात ठेवतं? मायलेकींचा आठवडाभर हाच वाद चालला होता. राधिकाच्या बाळाचं, अद्वयचं, जावळ टोकियोतल्या निशी-कसाईच्या फ्लॅटमध्येच झालं. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं, पण सारंगमामा पुण्यात. मग राधिकाच्या नवऱ्याने, सुशीलने, मेहुण्याचा व्हिडिओ कॉल चालू असलेला फोन आपल्या मांडीवर ठेवला आणि पोराला तिथे बसवलं. मामाला सगळा वेळ फक्त लंगोट दिसला. इथवर हसतखेळत झालं. पुढे केस नदीत सोडायचे, हे कुमुदिनीबाईंनी धरूनच चाललेलं. राधिकाला मात्र शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं की इथे पहिल्या केसांचा कुंचला करून जपून ठेवतात. कधीच कात्री न लागलेल्या केसाचं टोक आयुष्यात पुन्हा मिळत नाही. केसांची पुडी तिच्या स्वेटरच्या खिशात होती. आईला विमानात बसवलं की ती कुंचलेवाल्याकडे जाणार होती. अद्वय पहिला शब्दसुद्धा पाळणाघरातून जपानी घेऊन आला होता. त्याच्यातलं थोडंसं तरी कुठे न जाणारं असावं, एवढंच तिला हवं होतं.

काचेतून आलेलं ऊन टेबलावर सरकत बटेपाशी आलं. कुमुदिनीबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“म्हणजे बघ,” त्या म्हणाल्या, “तो शिकला, म्हातारा झाला, टक्कलही पडलं असेल. आणि हे बिचारं वर्षाचंच राहिलं. न्यायला कोणी आलंच नाही.”

राधिकाला हसायचं होतं, पण हसू आलं नाही. टेबलांच्या पायांमधून, अगदी आवाज न करता, कोणीतरी रांगत असल्यासारखं तिला वाटलं. पुष्कळ वर्षांनी कोणी परकं माणूस हात धुऊन अद्वयचा कुंचला उघडेल, तेव्हा तोही असाच कुठल्या तरी खोलीत रांगत असेल. तिने जुन्याच घड्यांवर कागद मिटला.

“चल, नदीवर जाऊ,” ती आईला म्हणाली.

अराकावा नदीच्या काठी ऊन कलत होतं. पुलावरून गाडी गेली, तिचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटला. सुशील बाबागाडी घेऊन आला. अद्वयच्या तुळतुळीत डोक्यावर लोकरीची टोपी होती. राधिकाने पुडी उघडून अर्धे केस आईच्या हातावर ठेवले, अर्धे आपल्या. मग ओणवी होऊन तिने हात पाण्यात धरला. केस थोडा वेळ तळव्याला चिकटून राहिले आणि हळूहळू निघाले. तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

तिने वळून पाहिलं. आठवडाभर नदी नदी म्हणणाऱ्या कुमुदिनीबाई पाण्याशी उभ्या होत्या. बाबागाडीतून हात काढून अद्वयने आजीचा पदर धरला होता.

“आई, सोड ना.”

“सोडते,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. मूठ मिटलेलीच होती.