रुमालाखाली

“आबा व्हय म्हणलं. झालं की आता!” असं म्हणत आप्पासोनं मेंढरांभोवतीची जाळी सोडायला घेतली. पलीकडं व्यापारी नियाज टेम्पोला टेकून उभा होता.

भामाबाई नवऱ्याच्या, धुळाच्या खाटेपाशी बसली होती. दिवाळीत त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एक ‘व्हय’ तेवढं जिभेवर राहिलं. जेवता का? व्हय. झोपता का? व्हय. आणि आज लेकानं, आप्पासोनं विचारलं, मेंढरं इकू का? व्हय. खाट जाळीशेजारीच असायची. मेंढरू ओरडलं की धुळा मान वळवायचा, एरवी नाही.

पैसा हवा होता तो स्वप्नालीच्या कर्जाला. आप्पासोची ही लेक. सांगलीच्या कॉलेजात तिनं भाषाशास्त्राचं प्रमाणपत्र केलं, बापाच्या सहीवर साठ हजार उचलून. आता तिथंच एका शिकवणीत पोरं शिकवायची. पगार सहा हजार. खोलीभाडं, खानावळ आणि एसटी भागवून हप्त्याला भोपळा उरायचा. उंब्रजच्या एका स्थळानं मात्र निरोप धाडला होता : कर्ज आम्ही फेडतो, पोरगी द्या. नोकरी आणि शिकणं बंद.

“साठ हजारात सहा मेंढ्या आल्या असत्या,” आप्पासो म्हणाला. “आजपतोर त्यांची बारा झाली असती. तुझ्या कागदाला कोकरं हुत्यात का गं?”

“न्हाई हुत,” सकाळच्या एसटीनं आलेली स्वप्नाली म्हणाली. “पण माझं कर्ज आबांच्या मेंढरांवर फिटणार न्हाई, आन उंब्रजवाल्यांवरबी न्हाई. मी फेडीन. येळ लागंल.”

“येळ लागंल म्हनून बँकेला सांग! सही माझी हाय. नोटीस माझ्या दारात येती.”

स्वप्नाली खाटेकडं वळली. “आबा, तुमी साताऱ्याचं कलेक्टर हाय का?”

“व्हय,” धुळा म्हणाला.

नियाज फस्सकन हसला. आप्पासोचा हात जाळीवरच थांबला.

“बगा आप्पा. त्यांच्यापाशी एवढा एकच शब्द उरलाय. त्यो होकार न्हवं. पण शब्द गेलं म्हनून माणसाची सगळी भाषा जात न्हाई, एवढं मी शिकून आलीया. नियाजचाचा, रुमाल हाय का?”

भामाबाईनं रुमालाकडं पाहिलं. नवी नवरी असताना ती पहिल्यांदा वडूजच्या बाजाराला गेली, तेव्हा धुळा असाच एकाच्या हातावर रुमाल टाकून उभा होता. तोंडानं पीकपाण्याच्या गप्पा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव. चारचौघांत किंमत उघडी पडू नये म्हणून. किती गोरागोमटा दिसत होता तेव्हा. सगळे बाजार त्यानं असेच केले, पण बोटांच्या खुणा तिला कधी सांगितल्या नाहीत. बाईमाणसाचा हात त्या रुमालाखाली जात नसे.

नियाजनं खांद्यावरचा रुमाल धुळाच्या डाव्या हातावर टाकला आणि आपला हात आत सारला. रुमाल थोडा हलला. मग हलेचना. धुळाचे डोळे मिटलेले. भामाबाईला वाटलं, झोपला. एवढ्यात नियाजनं हात बाहेर काढला.

“काय म्हनतोय?” आप्पासोनं विचारलं.

“भाव दोनदा वाढवून बगितला. म्हाताऱ्यानं मूठ मिटली. मूठ मिटली म्हंजी इकायचं न्हाई. मी आता एका मेंढराला हात लावनार न्हाई, गड्या.”

आप्पासो मटकन खाली बसला. “बरं. ऱ्हाऊ द्या मेंढरं. मग उंब्रजला कळवतो. तिथं तर रोकडा येवार हाय. आबा, देऊ का पोरगी उंब्रजला?”

“व्हय,” धुळा म्हणाला.

कुणी हसलं नाही. धुळाचा डावा हात रुमालाखालून बाहेर आला आणि गोधडीवर चाचपडू लागला. खाटेच्या काठाला स्वप्नालीचा हात लागला तसा त्यानं तो धरला आणि ओढत रुमालाखाली नेला.

“आबा, मला खुना येत न्हाईत हो,” ती म्हणाली.

आप्पासो मान वर करून बघत होता. रुमालाखाली काय चाललंय ते कुणालाच दिसेना. तेव्हा भामाबाई उठली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तिनं तो रुमाल उचलला.

नातीचा हात आत होता, आणि त्यावर धुळानं मूठ घट्ट मिटली होती.