नाकातला टाका

महायुद्धात आमच्या जहाजावर मेलेल्या खलाशाला शिडाच्या कापडात शिवून समुद्रात सोडायचे. शेवटचा टाका मात्र नाकातून घालायचे. जिवंत असलाच तर बोंबलेल म्हणून.

परवा इंग्लंडातल्या फॅलमथ बंदरात आमचा म्हातारा खलाशी दोस्त पास्को गेला, तर जहाजावर हे शिवणकाम करणारा डेन्झिल दाभण-दोरा घेऊन हजर!

"अहो भावजी, डॉक्टरनं दाखला दिलाय," पास्कोची बायको मॉर्वेना शवपेटीपाशी हुंदके देत म्हणाली. "माणूस म्हणजे देव होता हो! साठ वर्षांत कधी उलट शब्द नाही..."

"वहिनी, नियम म्हणजे नियम!" असं म्हणत डेन्झिलनं टाका घातलाच.

पेटीतून पास्को ताडकन उठून बसला.


"गाढवा! जन्मात पहिल्यांदा ती माझं कौतुक करत होती, पुरतं ऐकू तरी द्यायचंस!"