निरोगी माणसाचा नमुना

कीर्तनाने इन्क्युबेटर उघडला आणि सईबाईंची प्लेट ओळखू येते का ते पाहू लागली. पण लॅबमधल्या कमलिनीने प्लेटांवर नुसते आकडे घातले होते. कुणाचा कुठला, ते तिलाच ठाऊक. एकाच माणसाच्या शौचाचा नमुना जंतू वाढवायच्या जुन्या माध्यमावर घालायचा आणि नव्यावरही. नव्यावर टायफॉइडचे जंतू जांभळे दिसतात, असं बनवणारे सांगत होते. ते खरं की नुसती जाहिरात, हे चेन्नईतल्या एग्मोरच्या या लॅबला पाहायचं होतं.

कीर्तनाला मात्र घरचं कोडं सोडवायचं होतं. तिच्या लेकीला, नित्याला, वर्षात दोनदा टायफॉइड झाला होता. पाणी तपासलं, दूध तपासलं, हाती काही लागलं नाही. रात्रीचा दहीभात तर ती स्वतः कालवून नित्याच्या तळहातावर घास ठेवायची. मग राहिल्या कोण? स्वयंपाकाच्या सईबाई. जुन्या माध्यमावर त्यांचा नमुना स्वच्छ निघाला, तरी तिने त्यांना काढून टाकलं. वर पुन्हा नमुना मागायला गेली. सईबाई एवढंच म्हणाल्या, "घेऊन जा. पोर बरी होऊ दे."

तुलनेला निरोगी माणसांचेही नमुने हवे होते. लॅबमधले सगळे लाजून पांगले, तेव्हा कीर्तनाने आपलाच दिला. टायफॉइड तिलाही झाला होता, पण तो कॉलेजात असताना.

एका नव्या प्लेटवर जांभळे ठिपके होते. त्याच नमुन्याच्या जुन्या प्लेटवर वेगळं काहीच नव्हतं. कीर्तनाला आनंद झाला, खोटं कशाला सांगा.

"सईबाईंची ना?"

कमलिनीने आकडा दोनदा वाचला. "नाही, अक्का. तुमची."

पुढच्या चाचणीतही तेच निघालं: कॉलेजातल्या त्या तापाचे जंतू अजून तिच्या पोटात होते, आणि सईबाईंच्या दोन्ही प्लेटा स्वच्छ होत्या. कीर्तनाचं औषध सुरू झालं. लाज गिळून ती सईबाईंच्या दारात गेली आणि सगळं सांगून त्यांना परत कामावर बोलावलं.

त्या रात्री नित्याने सवयीने आईपुढे तळहात केला. कीर्तना पातेल्यापासून मागे सरकली. सईबाईंनी हात धुऊन दहीभात कालवला, पहिला घास नित्याला दिला. दुसरा घेऊन त्या कीर्तनाकडे वळल्या. तिला काही हात पुढे करवेना.

"धर की," सईबाई म्हणाल्या. "माझा हात स्वच्छ आहे, तूच तपासलास."